एनएफटी शिकवायचं तर आधी चित्र बदलून दाखवा

2022च्या जानेवारीत सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपचे जनक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी आपल्या एका प्रयोगाची हकीकत लिहिली. त्यांनी एक एनएफटी, म्हणजे ब्लॉकचेनवर मालकीची नोंद असलेलं एकमेव डिजिटल टोकन, बनवलं होतं. ओपनसी या बाजारपेठेत ते एक चित्र दिसे, रॅरिबलवर दुसरंच, आणि विकत घेऊन स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे आपली टोकनं दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये, उघडलं तर विष्ठेचा इमोजी! ब्लॉकचेनवरची, म्हणजे अनेक संगणकांवर एकसारख्या ठेवलेल्या सामायिक वहीतली, नोंद मात्र तिन्हीकडे तीच. चित्र एका साध्या वेबसर्व्हरवर ठेवलेलं होतं आणि कोण मागतंय हे पाहून तो सर्व्हर वेगवेगळं चित्र देत होता.

नवख्या माणसासाठी एनएफटीची ओळख करून देणारं साधन बनवायचं असेल, तर त्याची सुरुवात या प्रयोगापासून व्हावी, असं मला ठामपणे वाटतं. चित्र चढवा, बटण दाबा, झालं एनएफटी, एवढंच शिकवलं तर बटणं कळतात. आपल्याकडे नेमकं काय आलं ते कळत नाही.

इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या बहुतेक एनएफटींचा पाया म्हणजे ‘ईआरसी-721’ हे मानक. त्याचा प्रस्ताव 2018च्या जानेवारीत मांडला गेला. त्यानुसार कॉन्ट्रॅक्ट नावाचा एक छोटा प्रोग्राम तक्ता सांभाळतो: कोणत्या क्रमांकाचं टोकन कोणत्या पत्त्याच्या, म्हणजे खात्याच्या, नावावर आहे. ‘ओनरऑफ’ विचारलं की तो पत्ता मिळतो. ‘टोकनयूआरआय’ विचारलं की बहुधा एक दुवा मिळतो. त्याच्या टोकाला मजकुराची फाइल, आणि त्या फाइलमध्ये चित्राचा आणखी एक दुवा. सातबाऱ्यावर गट क्रमांक आणि खातेदाराचं नाव असतं, माती नसते, तसंच हे. फक्त सातबाऱ्यामागे तलाठी, तहसीलदार, न्यायालय अशी उतरंड उभी असते. या तक्त्यामागे प्रोग्रामशिवाय कुणी नाही. चित्राचा कॉपीराइटही टोकनाबरोबर आपोआप येत नाही.

म्हणून साधनाच्या पडद्याचे दोन भाग करावेत. डावीकडे चित्र, उजवीकडे तो तक्ता जसाच्या तसा. शिकणाऱ्याने आपलं पहिलं टोकन सेपोलिया या चाचणी नेटवर्कवर काढावं. तिथलं इथर हे चलन फुकट मिळतं आणि त्याला बाजारात किंमत नसते, त्यामुळे चुका मनसोक्त करता येतात. पहिलं चित्र मुद्दाम साध्या सर्व्हरवर ठेवावं आणि लगेच शिकणाऱ्याच्याच हाताने बदलायला लावावं. डावीकडच्या मांजराच्या जागी झाड येतं, उजवीकडे एक अक्षरही हलत नाही. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर पुढचं फार समजावत बसावं लागत नाही.

मग तेच चित्र आयपीएफएसवर, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून फाइली सांभाळण्याच्या जाळ्यावर. इथे फाइलचा पत्ता तिच्या मजकुरातूनच, म्हणजे त्या मजकुरावरून गणिताने काढलेल्या ‘हॅश’ या ठशातून, तयार होतो. एका पिक्सेलचा रंग बदला, हॅश पूर्ण बदलतो. जुन्या दुव्यावर नवं चित्र घुसवता येत नाही. पण कुणीच ती फाइल सांभाळून ठेवली नाही, तर दुवा शाबूत राहतो आणि चित्र मिळेनासं होतं. साधनाने हीही फाइल खरोखर काढून टाकून दाखवावी. तिसरा मार्ग चित्रच साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, ठेवण्याचा. तो महाग पडतो, कारण तिथे साठवलेल्या प्रत्येक बाइटचं शुल्क भरावं लागतं. 2017च्या क्रिप्टोपंक्स या एनएफटी संग्रहातले 10,000 चेहरे फक्त 24 गुणिले 24 पिक्सेलचे, तरी सुरुवातीला कॉन्ट्रॅक्टमध्ये सगळ्यांच्या एकत्रित चित्राचा हॅश तेवढा होता. चेहरे प्रत्यक्ष साखळीवर गेले ते ऑगस्ट 2021मध्ये.

एनएफटी फार वीज खातात, ही तक्रार आता तशी उरलेली नाही: 15 सप्टेंबर 2022ला इथेरियमने कामाची पद्धत बदलली आणि त्याचा वीजवापर 99 टक्क्यांहून अधिक घटला. किमतीचे आकडे तर साधनात नसावेतच. भारतातल्या शिकणाऱ्याला मात्र एक पाटी दाखवावी: 1 एप्रिल 2022पासून अशा विक्रीच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो सहीला, म्हणजे वॉलेटमधून व्यवहाराला मंजुरी देण्याला. वॉलेटमध्ये टोकन नसतं, प्रायव्हेट की, म्हणजे सही करणारी गुप्त किल्ली, असते. ती सहसा 2,048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतल्या 12 शब्दांतून पुन्हा उभी करता येते. ते शब्द ज्याच्या हाती, त्याची टोकनं. म्हणून साधनाने सरावापुरतं नवं वॉलेट बनवून द्यावं, शिकणाऱ्याचं खरं वॉलेट जोडूच देऊ नये. आणि मग एक सापळा लावावा: ‘मोफत टोकन घ्या’ असं पान, सहीची विनंती, आणि त्या विनंतीत लपलेलं ‘सेटअप्रूव्हलफॉरऑल’. ही परवानगी मिळालेला पत्ता त्या संग्रहातली तुमची सगळी टोकनं हलवू शकतो. पहिल्या खेपेला शिकणाऱ्याला सही करू द्यावी, टोकनं जाऊ द्यावीत. दुसऱ्या खेपेला तीच विनंती सरळ मराठीत उलगडावी: ‘या अनोळखी पत्त्याला तुमची सगळी टोकनं नेण्याची मुभा द्यायची का?’

दिलेली परवानगी मागे घेता येते, ती पायरीही तिथेच करून घ्यावी. गेलेलं टोकन मात्र परत आणता येत नाही. हस्तांतरण उलटवण्याची सोय त्या मानकातच नाही, त्यामुळे असं बटण साधनातही ठेवू नये.