पतंगाच्या आधीचा बग

दर सप्टेंबरात एक फॉरवर्ड फिरतो. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकी संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांना संगणकात पतंग (उडवायचा नव्हे, दिव्यावर झेपावणारा किडा) सापडला आणि तेव्हापासून प्रोग्राममधल्या चुकीला ‘बग’ म्हणू लागले, असा. पतंग खरा, तारीखही खरी. बाकी मालमसाला.

पुरावा त्या संगणकावरच्या कामाच्या नोंदवहीतच आहे. चिकटपट्टीने लावलेल्या पतंगाखाली नोंद आहे, ‘प्रत्यक्ष बग सापडल्याची पहिली घटना’. प्रत्यक्ष! म्हणजे न दिसणारे बग रोजचेच होते. एडिसनने तर १८७८ सालच्या पत्रातच लिहून ठेवलंय की यंत्रातल्या बारीकसारीक दोषांना बग म्हणतात. पतंग हॉपरबाईंनी पकडलेलाही नाही. त्या हा किस्सा फार छान सांगत, म्हणून तो त्यांच्या नावावर जमा झाला.

मला खरं कुतूहल वेगळंच. एवढ्याशा पतंगाने खोलीभर यंत्र अडवलं कसं?

हार्वर्डच्या त्या मार्क-२ संगणकात ट्रान्झिस्टर नव्हते, रिले म्हणजे विजेवर चालणारी खटके होती. लोखंडी गाभ्यावर तारेचं वेटोळं. वीज सोडली की गाभ्याचं चुंबक बनतं, समोरची लोखंडी पट्टी खट्‌कन ओढली जाते, तिच्यावरचा धातूचा बिंदू समोरच्या बिंदूला टेकतो आणि दुसऱ्या मंडलात वीज वाहू लागते. वीज तोडली की स्प्रिंग पट्टीला मागे खेचते. टेकलं तर १, सुटलं तर ०. एका रिलेचा बिंदू दुसऱ्याचं वेटोळं चालवतो, दुसऱ्याचा तिसऱ्याचं. अशा साखळ्यांतून बेरीज होते, गुणाकार होतो. बिंदूंमधली फट जेमतेम असते. तिथे पतंग शिरला, तर त्याचं कायटिनचं (किड्यांच्या कवचातलं द्रव्य) अंग वीज वाहू देत नाही. चुंबक पट्टी ओढतं, पण धातूला धातू लागत नाही. १ च्या जागी ० राहतो, तोच पुढच्या रिलेकडे जातो, पुढचा रिले इमानाने त्यावरच काम करतो. मग शोधत बसा! त्या दिवशी शोध थांबला तो एफ पॅनेलच्या ७० नंबरच्या रिलेपाशी.

शब्द मात्र विजेपेक्षा जुना. १५३५ च्या कव्हरडेलच्या इंग्रजी बायबलात, ९१ व्या स्तोत्रात, रात्रीच्या ‘बग’ला भिऊ नकोस असा दिलासा आहे. तिथे बग म्हणजे भूत, बागुलबुवा. (यावरून ‘बग आपल्या बागुलबुवावरूनच आला’ असा नवा फॉरवर्ड कृपया काढू नका. आवाज सारखा म्हणून सोयरीक होत नाही.) सतराव्या शतकात तो किड्यांना, त्यातही ढेकणाला लागला. पुढे रोगजंतूला आणि चोरून बोलणं ऐकणाऱ्या मायक्रोफोनलाही.

कीटकशास्त्रज्ञ मात्र एवढे सैल नाहीत. त्यांच्या लेखी खरा बग हेमिप्टेरा गणातलाच, सोंडेसारखं तोंड खुपसून रस किंवा रक्त शोषणारा: ढेकूण, मावा, तुडतुडे, पांढरी माशी. पतंग त्यांत बसत नाही. तो गुलाबी बोंडअळीच्या गणातला, फुलपाखरांचा भाऊबंद.