रुंद टायर म्हणजे पावसात जास्त पकड? नाही!

साताऱ्यात स्पोर्टी गाडीच्या टायरचा विषय निघाला की सल्ला ठरलेला: ‘रुंद घाल, कासच्या घाटात पावसातही चिकटून चालेल.’ कोरड्या रस्त्यावर यात तथ्य आहे. पावसात बहुधा उलटं. रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. ते जमलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं पडतं. ओल्यात बघायचं ते रबराचं मिश्रण आणि खाचांची खोली. कायद्याने १.६ मिलिमीटर चालते, पण यवतेश्वरच्या पावसात मी तरी ३ च्या खाली जाणार नाही. आणि टायरच्या बाजूवर छापलेला ट्रेडवेअरचा २०० किंवा ४०० हा आकडा झिजेचा, पकडीचा नव्हे. तोही प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते!