कोयनेच्या पाण्याचा भाव

"पाणी आभाळातून पडतं, धरणाचे पैसे कधीच फिटले, मग कोयनेची वीज आम्हाला फुकट द्यायला काय हरकत आहे?" पाटण-कराडकडे हा प्रश्न दर निवडणुकीला निघतो. आता स्मार्ट मीटरवरून वाद पेटल्यापासून तो सांगलीतही ऐकू येतो. प्रश्नाची एक बाजू न्यायाची आहे आणि ती खरीच आहे. कोयनेसाठी ज्यांची गावं बुडाली त्यांच्या पुनर्वसनाचे तंटे आजही मिटलेले नाहीत. दुसऱ्या बाजूला मात्र एक मोठा गैरसमज आहे: पाणी फुकट पडतं, म्हणजे ते फुकटचं असतं. तसं नसतं. कोयनेत साठलेल्या पाण्याला दर पंधरा मिनिटांनी एक नवा भाव असतो. तो कुठल्याही बिलावर छापलेला नसतो, तरी राज्याचा वीजपुरवठा बऱ्याच अंशी त्याच्याच हिशेबानं चालतो.

आधी बाजाराबद्दल थोडं. विजेचा देशपातळीवरचा बाजार २००८ सालापासून चालू आहे. उद्याच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा लिलाव होतो. विकणारे सांगतात, "इतकी वीज, या भावाला." सगळ्यात स्वस्त विक्रेता आधी, मग त्याच्याहून महाग, अशी रांग लावतात आणि मागणी जिथे पुरी होते तिथे रांग तोडतात. जो शेवटचा विक्रेता आत आला, त्याचा भाव सगळ्यांना मिळतो. सौर विजेला इंधनाचा खर्च शून्य, तरीही तिला त्या तुकड्यात कोळशाचा नाहीतर गॅसचा भाव मिळतो. ऐकायला अन्याय वाटतो, पण भाव ठरतो तो सगळ्यात शेवटी लागलेल्या युनिटावर. मार्च २०२२ मध्ये उन्हाळा लवकर तापला, कोळसा कमी पडला आणि हा भाव २० रुपयांच्या त्यावेळच्या मर्यादेला जाऊन टेकला. मग नियामक आयोगानं ती मर्यादा १२ वर आणि पुढे १० रुपयांवर आणली.

देशातली बहुतेक वीज या बाजारात येतच नाही, ती लांब मुदतीच्या करारांनी विकली जाते. कोयनेची वीजही महावितरणला ठरलेल्या दरानं जाते. पण कुठलं केंद्र आत्ता चालवायचं आणि कुठलं थांबवायचं, हे ऐरोलीतलं राज्याचं भार प्रेषण केंद्र याच स्वस्त-ते-महाग रांगेवरून ठरवतं. या रांगेत कोयनेला कुठे उभं करायचं? इंधन शून्य म्हणून सगळ्यात पुढे? तसं केलं तर घोटाळा होतो.

घोटाळा आकड्यांत पाहू. कोयनेचे चार टप्पे आणि पायथ्याचं वीजगृह मिळून क्षमता १,९६० मेगावॅट. ती वर्षभर चोवीस तास चालवली तर सुमारे १,७१७ कोटी युनिट होतील. आता पाणी बघा. धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) असली, तरी कृष्णा पाणी तंटा लवादानं पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळवायला दिलेलं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी. हे वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. शिवसागरातून, म्हणजे कोयनेच्या जलाशयातून, पोफळीच्या वीजगृहाकडे ते सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडतं. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची हे नववीतलं सूत्र लावा, यंत्रांची गळती वजा करा, की सव्वातीन कोटी युनिटच्या आसपास उत्तर येतं. तेच पाणी पुढे कोळकेवाडीला आणखी एकदा वापरतात, तेव्हा टीएमसीमागे चार कोटी धरू. ६७.५ ला चारानं गुणलं की २७० कोटी. हवे होते १,७१७.

म्हणजे सगळी यंत्रं पूर्ण ताकदीनं चालवली, तर पाणी दिवसाला सरासरी चार तासही पुरत नाही. म्हणून कोयनेबाबतचा खरा प्रश्न "कितीला पडते?" हा नाही. "चोवीसांतले कुठले चार तास?" हा आहे.

इथून पुढे जरा सावकाश वाचा, कारण मला या विषयातलं सगळ्यात आवडणारं यंत्र हेच आहे, आणि ते लोखंडाचं नाही. समजा, वर्षातले सगळे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे आपण भावाच्या उतरत्या क्रमानं मांडले. सगळ्यात महाग तुकडा वर, सगळ्यात स्वस्त तळाला. आता वरून एकेका तुकड्याला पाणी देत खाली यायचं. कुठेतरी ६७.५ टीएमसीचा कोटा संपेल. ज्या तुकड्यावर तो संपला, त्याचा भाव समजा साडेसहा रुपये. मग कोयनेतल्या पाण्याची किंमत युनिटामागे साडेसहा रुपये. ती कुणी ठरवली नाही, कुणाला द्यावी लागत नाही, पण ती आहे. आज दुपारी बाजारात वीज तीन रुपयांना मिळत असताना कुणी कोयना चालवली, तर तो तीन रुपये वाचवतो आणि साडेसहा घालवतो, कारण तेच पाणी नंतर साडेसहाची, नाहीतर नऊची वीज टाळू शकलं असतं. फुकटच्या पाण्यावर युनिटामागे साडेतीन रुपयांचं नुकसान!

सांगलीकरांना हे समजावायला हळदीइतकं सोपं दुसरं काही नाही. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीतल्या कोठारांत, हळद घातली की भाव चढेपर्यंत ती निवांत राहायची, आणि पेवातल्या हळदीची खरी किंमत आजच्या सौद्याची नसायची, पुढे मिळेल अशा चांगल्यात चांगल्या सौद्याची असायची. विजेला पेव नाही. ती तयार झाली त्याच क्षणी वापरावी लागते. कोयना हे तिचं पेव.

फरक इतकाच, की हळदवाल्याला पुढचा भाव ठाऊक नसतो, आणि कोयनेवाल्याला भाव तर नाहीच, पाऊसही ठाऊक नसतो. त्यामुळे हा साडेसहाचा आकडा स्थिर राहत नाही. खरा हिशेब शेवटच्या दिवसाकडून मागे मागे येत करतात. ३१ मेच्या रात्री जो कोटा उरेल त्याची किंमत शून्य, कारण दुसऱ्या दिवशी नवं खातं उघडतं. त्यावरून ३० मेला एक एकक राखून ठेवण्याची किंमत काढायची, तीवरून २९ मेची, असं करत पावसाच्या आणि मागणीच्या प्रत्येक शक्यतेला तिच्या संभाव्यतेनं गुणत ऑक्टोबरपर्यंत यायचं. उत्तर एका आकड्याचं येत नाही, तक्ता येतो: तारीख अमुक, साठा तमुक, तर पाण्याची किंमत इतकी. भरलेल्या धरणात ती कमी आणि रिकामं होत चाललेल्या धरणात जास्त. २०२३ सारख्या वर्षी, जेव्हा पाऊस दगा देतो आणि धरण पूर्ण भरतच नाही, ती दिवाळीआधीच चढलेली असते. (डोकं गरगरलं असेल तर हा परिच्छेद सोडून पुढे जायला हरकत नाही. मला तो गाळवला नाही.)

याच तक्त्याचं दुसरं टोक जुलै-ऑगस्टात दिसतं. धरण भरत आलं, बाहेर पाऊस थांबेना, सहा वक्र दरवाजे उचलायची वेळ आली, की पाण्याची किंमत शून्य होते. त्याच्याही पुढे ती ऋण होते. सांगलीतल्या आयर्विन पुलाखालची कृष्णेची पातळी ४० फुटांची इशारा रेषा ओलांडते तेव्हा सांगलीला कोयनेतल्या पाण्याची नव्हे, कोयनेतल्या रिकाम्या जागेची किंमत असते. ऑगस्ट २०१९ मध्ये ही पातळी ५७ फुटांवर गेली होती. मग तेव्हा यंत्रं पूर्ण चालवून पाणी पश्चिमेला सोडावं? ते चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत जातं. २०२१ च्या पुरानंतर यावरून चिपळुणात किती वाद झाला ते आठवा.

उन्हाळ्यात पूर्वेची बाजू वेगळीच होते. पश्चिमेला पावणेपाचशे मीटर पडणारं पाणी पूर्वेला कृष्णेत सोडलं, तर पायथ्याच्या वीजगृहात त्याला शंभर मीटरही उंची मिळत नाही. वीज पाचव्या हिश्शाहून कमी. पुढे टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पंप तेच पाणी पुन्हा वर चढवतात. एक टीएमसी शंभर मीटर चढवायला सुमारे एक कोटी युनिट लागतात, आणि शंभर मीटरवर भागत नाही. या योजनांच्या वीजबिलातला ८१ टक्के वाटा राज्य सरकार उचलतं, १९ टक्के शेतकरी. निव्वळ विजेच्या चष्म्यातून बघणारा म्हणेल, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. त्यानं एप्रिलमध्ये कवठेमहांकाळला येऊन द्राक्षबागायतदाराला हे वाक्य ऐकवावं.

पैशांत न बसणारी आणखी एक गोष्ट कोयना करते. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता देशभर लोकांनी नऊ मिनिटं दिवे घालवले, तेव्हा मागणी काही मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॅटनं पडली आणि लगेच पुन्हा चढली. ग्रिडचा ठोका, म्हणजे विजेची वारंवारता, ५० हर्ट्झच्या आसपास टिकला पाहिजे, नाहीतर अंधार. कोळशाच्या संचांना इतक्या वेगानं खाली-वर होता येत नाही. त्या रात्री पडलेल्या मागणीतला अर्ध्याहून अधिक भार जलविद्युत केंद्रांनी आपली निर्मिती उतरवून सांभाळला. पाण्याच्या झडपा मिनिटांत उघडतात आणि मिटतात. ऊर्जासुरक्षा म्हटलं की आपल्याला तेलाची जहाजं आठवतात. पोफळीच्या डोंगराच्या पोटातल्या या झडपाही त्यातच मोडतात.

सौर वीज वाढल्यापासून सगळ्या तक्त्याचा आकारच बदलतोय. दुपार स्वस्त झाली. २०२५ च्या उन्हाळ्यात काही रविवारी दुपारी बाजारभाव शून्याजवळ गेला होता. सूर्य कलला की भाव सरसर चढतो. स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ सवलत देतात आणि उसाला रात्रीऐवजी दिवसा थ्री-फेज लाईट द्यायची धडपड चालू आहे, त्यामागे हेच आहे. रात्री विंचू-काट्यात दारं मोडायला, म्हणजे पिकाला पाणी फिरवायला, जाणाऱ्याचा जीव वाचतो हा फायदा मी त्याहून मोठा मानतो.

वाऱ्याबद्दल एवढंच: चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पवनचक्क्या सगळ्यात जास्त फिरतात त्या पावसाळ्यात, नेमकं धरण भरत असताना आणि मागणी उतरलेली असताना. त्यामुळे कोयनेला त्यांची मदत वाटते तेवढी होत नाही. आणि पवनचक्क्या ढग पळवतात, म्हणून जत-आटपाडीला पाऊस नाही, हे जे अजून छातीठोक सांगतात, त्यांनी जुलैत चाळकेवाडीच्या पठारावर उभं राहून पाहावं. पाती ढगातच फिरत असतात आणि पाऊस झोडपत असतो. जत-आटपाडी सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, आणि पहिली पवनचक्की उभी राहण्याच्या कैक पिढ्या आधीपासून आहे.

आता नवी टूम आहे ती उदंचनाची. दुपारच्या स्वस्त विजेनं पाणी वरच्या तळ्यात चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. पाणी तेच तेच फिरतं. शंभर युनिट घातले की पंचाहत्तर ते ऐंशी परत मिळतात, म्हणजे संध्याकाळचा भाव दुपारच्या सव्वा ते सुमारे १.३३ पट असला की विजेचा खर्च निघाला. यंत्रं, बोगदे, व्याज वेगळं. सातारा जिल्ह्यात असे बरेच प्रकल्प आखले गेलेत, काही सह्याद्रीच्या जंगलांना खेटून, आणि गावांचा विरोधही आहे. जाहिरातींत जे येत नाही ते हे: पहिला प्रकल्प दुपारची वीज विकत घेतो तेव्हा दुपारचा भाव थोडा चढतो, आणि संध्याकाळी विकतो तेव्हा संध्याकाळचा थोडा उतरतो. दुसऱ्यानं ते अंतर आणखी कमी होतं. ज्या फरकावर सगळा धंदा उभा आहे, तो फरक प्रत्येक नवा प्रकल्प खात जातो. पहिल्या दोघा-तिघांना जे मिळेल ते दहाव्याला मिळणार नाही, पण डोंगर मात्र दहाव्यासाठीही तेवढाच खणावा लागेल.