टर्बोला उसने दिलेले दोन सेकंद

एक्झॉस्टच्या जोरावर टर्बाइन फिरवून त्याच शाफ्टवरच्या कॉम्प्रेसरने इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र म्हणजे टर्बो. पण ‘हायब्रिड टर्बो’ म्हटलं की दोन मेकॅनिकांच्या डोळ्यांसमोर दोन वेगळ्या वस्तू येतात. टर्बो दुरुस्त करणाऱ्याच्या लेखी तो म्हणजे मूळचं बाहेरचं घर लेथवर कोरून आत मोठं कॉम्प्रेसर चाक बसवलेला टर्बो. दुसऱ्याच्या लेखी टर्बो इंजिन आणि विजेची मोटर यांची जोडी. हा लेख दुसऱ्या अर्थाचा आहे. पहिल्याबद्दल एवढंच, की चाक बदललं की शाफ्टसकट सगळी फिरती जोडणी बॅलन्सिंग मशीनवर तोलून घ्यावी लागते. हा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. तिथे किंचितसा असमतोलही बेअरिंग खाऊन टाकतो, आणि ते तोलणं घरी होत नाही.

टर्बोची कल्पना जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याचं पेटंट १९०५ सालचं. कारमध्ये मात्र टर्बो १९६२ मध्ये आला, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाड्यांत. जेटफायरचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, १०.२५ होतं, टर्बोच्या मानाने भलतंच जास्त. इंजिन नॉक होऊ नये, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून ठोके बसू नयेत, म्हणून त्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारण्याची सोय होती. ती टाकी भरत राहणं मालकांच्या अंगवळणी पडलं नाही आणि गाडी फार टिकली नाही. उष्णता आणि नॉकिंग हे दुखणं तेव्हापासून तसंच आहे. घरी इंजिन बांधताना पहिला सामना त्याच्याशीच होतो.

टर्बो निवडताना नेहमी एक पेच पडतो. लहान टर्बो १८०० आरपीएमलाच दाब देऊ लागतो, पण वरच्या वेगात त्याचं टर्बाइन एक्झॉस्टची वाट अडवतं. जळालेला गरम वायू सिलिंडरमध्ये मागे राहतो आणि पुढचं हवा-पेट्रोलचं मिश्रण वेळेआधी पेटायला निमित्त मिळतं. मोठा टर्बो मोकळा श्वास घेतो, पण जागा व्हायला ३००० आरपीएम आणि वर एक-दोन सेकंद मागतो. ते सेकंद मोटरने भरून काढले, तर मोठा टर्बो बेधडक निवडता येतो. घरगुती हायब्रिडमध्ये मोटरचं काम कमाल पॉवर वाढवणं नाही. टर्बोला दोन सेकंद उसने देणं, एवढंच. हे एकदा ठरलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

पाना उचलण्याआधी

उदाहरणाला चार सिलिंडरचं १६०० सीसी पेट्रोल इंजिन घेऊ: बोअर (सिलिंडरचा व्यास) ७८ मिमी, कॉम्प्रेशन १०.५, इंजेक्टर इनटेक पोर्टमध्ये. ६००० आरपीएमला ते मिनिटाला ४८०० लिटर हवा ओढू पाहतं. भरण ८५ टक्के धरलं तर सुमारे ४०८० लिटर, म्हणजे ३० अंश तापमानाला ४.७५ किलो हवा. मिनिटाला एक किलो हवेमागे ढोबळमानाने २२ हॉर्सपॉवर मिळतात, म्हणजे इथे १०५ च्या आसपास.

आता ०.५ बार बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेहून तेवढा जादा दाब, द्या. हवा दाबली की तापते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के असेल तर ३० अंशांची हवा ८३ अंशांवर जाते, आणि दाब दीडपट झाला तरी घनता जेमतेम १.२८ पट होते. ही हवा थंड करणारा, ७० टक्के परिणामकारक इंटरकूलर लावला तर तीच हवा ४६ अंशांवर येते आणि घनता १.४२ पटीवर पोचते. मिनिटाला ६.७५ किलो हवा, जवळपास १४८ हॉर्सपॉवर. इंटरकूलरची जाळी आणि नळ्या यातला थोडा दाब खातात, तेवढी वजावट मनात धरा. कॉम्प्रेसर मॅपवर (दाब आणि हवेचा प्रवाह यांच्या आलेखावर) हा बिंदू मधल्या, उत्तम कार्यक्षमतेच्या बेटावर पडायला हवा. डावीकडे सर्ज रेषेला चिकटला तर हवा उलटी फिरून फडफड आवाज करते आणि थ्रस्ट बेअरिंग झिजतं.

इंधनाचा हिशेब इथूनच निघतो. बूस्टमध्ये हवा-पेट्रोल प्रमाण ११.८ ठेवायचं तर मिनिटाला ५७० ग्रॅम, म्हणजे सुमारे ७७० सीसी पेट्रोल लागतं. इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडे ठेवू नयेत. म्हणून प्रत्येकी मिनिटाला किमान २४० सीसी, आणि जरा ऐसपैस म्हणून ३०० सीसीचे घ्यावेत. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी इनटेक मॅनिफोल्डला जोडलेलीच हवी, नाहीतर बूस्ट आल्यावर इंजेक्टरच्या तोंडापाशी ३ बारऐवजी अडीचच बारचा फरक उरतो आणि पेट्रोल ९ टक्के कमी पडतं. ऐन जास्त लागतं तेव्हाच कमी. पिस्टन वितळायला तेवढं पुरतं.

ब्लॉक, पिस्टन, रिंगा

०.५ बारसाठी कॉम्प्रेशन ९ वर आणणं शहाणपणाचं. या इंजिनात प्रत्येक सिलिंडर ४०० सीसीचा, म्हणजे दहन कक्ष ४२ सीसीवरून ५० सीसीवर न्यायचा. काही जण त्यासाठी जाड हेड गॅस्केट टाकतात. आठ सीसी गॅस्केटने भरून काढायचे तर ते सुमारे १.६५ मिमीने जाड करावं लागेल. पिस्टनची कड आणि हेड यांच्यातली एक मिलिमीटरच्या आसपासची फट मिश्रण घुसळून मध्याकडे ढकलते. ती मोठी झाली की हे घुसळणं थांबतं. कॉम्प्रेशन कमी होतं आणि नॉकिंगची प्रवृत्ती उलट वाढते. आगीतून फुफाट्यात. माथ्यावर खोलगट वाटी असलेले फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन घेणं हाच खरा मार्ग.

फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, त्यामुळे बोअरमधली मोकळीक पिस्टन बनवणाऱ्याने सांगितलेलीच ठेवा, जुन्या पिस्टनची नव्हे. होनिंग (बोअर घासून मापात आणणं) मशीनशॉपमधूनच करून घ्यावं. रिंगांच्या तोंडातली फट मात्र घरी, स्वतःच्या हाताने मापायची. साध्या इंजिनात ७८ मिमी बोअरला वरच्या रिंगची फट ०.३० मिमीच्या आसपास असते. टर्बोसाठी ती ०.३९ ते ०.४० हवी, दुसऱ्या रिंगची त्याहून किंचित जास्त. रिंग बोअरमध्ये ठेवा, उलट्या पिस्टनने २५ मिमी खाली सरळ ढकला, फीलर गेजने मापा. कानस फिरवताना ती एकाच दिशेने, बाहेरून आत चालवा आणि टोकाची बारीक कूस काढून टाका. फट कमी ठेवली तर पहिल्याच लांब बूस्टमध्ये रिंगची टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअरमध्ये अडकते आणि पिस्टनचा खाचेवरचा काठ तुटून येतो. फट थोडी जास्त झाली तर फार तर थोडं ऑइल जळेल. चूक करायचीच तर या बाजूला करा.

ताणून बसवायचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात. शक्य असेल तर त्यांच्याऐवजी स्टड घ्या, आट्यांना सांगितलेलं वंगण लावा आणि मधून बाहेरच्या क्रमाने तीन टप्प्यांत टॉर्क द्या.

ऑइलची परतीची वाट

नव्याने बसवलेला टर्बो निळा धूर सोडू लागला की लोक टर्बोला शिव्या देतात. बहुतेकदा दोष परतीच्या नळीचा असतो. टर्बोच्या शाफ्टवर रबरी सील नसतात, पिस्टन रिंगसारख्या बारीक रिंगा असतात. त्या वायू अडवतात, तुंबलेलं ऑइल अडवू शकत नाहीत. टर्बोतून बाहेर पडणारं ऑइल फेसाळलेलं असतं, दाब संपलेला असतो, ते केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली येतं. म्हणून परतीची नळी आतून किमान १६ ते १९ मिमी, उभ्या रेषेपासून ३५ अंशांच्या आत, मध्ये कुठेही पोट न आलेली, आणि ऑइल चेंबरला पातळीच्या वर जोडलेली हवी. बॉल बेअरिंग टर्बोला येणाऱ्या नळीत सुमारे १ मिमी भोकाचा रिस्ट्रिक्टर (प्रवाह आवळणारा तुकडा) लागतो. साध्या बुश बेअरिंगच्या टर्बोला तो सहसा घालत नाहीत.

चेंबरमधला दाब वाढला तरी हेच होतं. चेंबरमधले वायू ओढून घेणारा मूळ पीसीव्ही व्हॉल्व्ह इनटेक मॅनिफोल्डला जोडलेला असतो आणि बूस्टमध्ये तीच नळी चेंबरमध्ये हवा भरू लागते. तिथे एकेरी व्हॉल्व्ह घाला. दहा मिनिटांचं काम, पण हमखास विसरलं जातं.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डबाबत थोडक्यात: तिथे ९०० अंशांपर्यंत उष्णता असते आणि टर्बोचं वजनही. पातळ स्टेनलेसच्या वेल्ड केलेल्या नळ्या दिसायला सुरेख, पण जोडावर तडकतात. ओतीव लोखंडाचं मॅनिफोल्ड कुरूप असतं आणि टिकतं. नळ्याच हव्या असतील तर टर्बोला ब्लॉकपासून वेगळा आधार द्या.

मोटर किती, बॅटरी किती

हे इंजिन टर्बोशिवाय २००० आरपीएमला साधारण १३० न्यूटन-मीटर देतं. पूर्ण बूस्ट असता तर त्यात आणखी ५५ मिळाले असते. १२ किलोवॅटची मोटर याच वेगाला क्रँकवर ५७ देते. आणि पॉवर तेवढीच राहिली तर ४००० आरपीएमला तिचा टॉर्क आपोआप निम्मा होतो, नेमका टर्बो जागा झालेला असतो तेव्हा. इतकी सोयीची जुळणी यंत्रांत क्वचित मिळते.

घरी जमणारी मांडणी म्हणजे अल्टरनेटरच्या जागी बेल्टवर चालणारी ४८ व्होल्टची स्टार्टर-जनरेटर मोटर. पुलीचं गुणोत्तर २.५ असेल तर इंजिनच्या ६००० आरपीएमला मोटर १५,००० वर असेल. मोटरची मर्यादा आधी पाहा. अल्टरनेटरची एकाच दिशेने पकडणारी पुली इथे चालत नाही, ती मोटरचा जोर क्रँकपर्यंत पोचूच देत नाही. बेल्टची सैल बाजू मोटर ढकलताना एक आणि चार्ज करताना दुसरी असते, म्हणून टेन्शनर दोन्ही बाजूंना हवा. एकच लावला तर प्रत्येक ढकलण्याला बेल्ट किंचाळतो.

बॅटरीबाबत अंदाज हमखास चुकतो. १२ किलोवॅट बाहेर हवे तर सुमारे १४ आत द्यावे लागतात. पाच सेकंदांचे झाले ७० किलोज्यूल, म्हणजे २० वॅट-तासही नाहीत. लॅपटॉपच्या बॅटरीतही याहून जास्त ऊर्जा असते. अडचण साठ्याची नाही, करंटची आहे: ४८ व्होल्टला जवळपास ३०० अँपिअर. सौर साठवणीतले मोठे लिथियम आयर्न फॉस्फेट सेल एवढा करंट क्षणात देण्यासाठी बनलेले नसतात. जास्त डिस्चार्जचे सेल घ्या, किंवा सुपरकॅपॅसिटर. ४८ व्होल्ट, १६५ फॅरडचं मॉड्यूल ३६ व्होल्टपर्यंत उतरताना ८३ किलोज्यूल देतं, म्हणजे एका वेळेपुरतं अगदी बेताचं. ब्रेक लावला की ते परत भरतं.

फॉस्फेटचे १६ सेल मालिकेत पूर्ण चार्जला ५८.४ व्होल्ट होतात, साठच्या आत. या पातळीला शॉकचा धोका कमी, शॉर्ट सर्किटचा मात्र भरपूर. अंगठी काढून ठेवा, पान्यांना इन्सुलेशन चढवा, डीसीसाठीचाच फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा. केबल ५० चौरस मिमीची घ्या आणि क्रिंप हायड्रॉलिक साधनाने करा: ५ मिलिओहमचा एक सैल जोड ३०० अँपिअरला ४५० वॅट उष्णता काढतो, तीही बोटाएवढ्या जागेत. कंट्रोलरचे कॅपॅसिटर आधी १०० ओहमच्या रेझिस्टरमधून भरू द्या आणि मगच मुख्य कॉन्टॅक्टर (मोठ्या करंटचा स्विच) ओढा, नाहीतर त्याचे पॉइंट पहिल्याच दिवशी चिकटतील आणि बॅटरीची जोडणी तोडता येणार नाही.

पहिला स्टार्ट, पहिला बूस्ट

मूळ मॅप सेन्सर (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) बूस्ट मोजू शकत नाही, ३ बारचा घ्या. स्पार्क प्लग एक पायरी थंड, फट ०.६ ते ०.७ मिमी, जास्त ठेवली तर दाटलेल्या हवेत ठिणगी विझते. इंटरकूलरच्या नळ्यांत १ बार हवा भरून जोडांवर साबणाचं पाणी लावा. इग्निशन आणि इंजेक्टर बंद ठेवून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत क्रँक फिरवा.

सुरुवातीला वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) नुसत्या स्प्रिंगवर, ०.३ बारला चालवा. इग्निशन टायमिंग दर ०.०७ बारला एक अंश या हिशेबाने मागे घ्या, वाइडबँड सेन्सरवरचा लॅम्डा (हवा-पेट्रोल प्रमाण; १ म्हणजे नेमकं पुरेसं) ०.८० च्या आसपास ठेवा. दाब वाढवायचा तो लॉग पाहून, कानावर विसंबून नव्हे. हेड कधी उघडावं लागलंच तर पिस्टन बोलतो: कडेला वाळू मारल्यासारखे बारीक खड्डे असतील तर ते नॉकिंग, मधोमध वितळलेलं भोक असेल तर ठिणगीआधीच पेटलेलं मिश्रण.

मोटरचा टॉर्क ‘हवा असलेला बूस्ट वजा प्रत्यक्ष बूस्ट’ या फरकावर बांधा, आरपीएमवर नव्हे. आरपीएमवर बांधला तर गिअर बदलल्यावर टर्बो आधीच फिरत असतानाही मोटर ढकलत राहते आणि क्लच प्लेट घसरते. शिवाय २००० च्या खाली बूस्टची मागणीच कमी ठेवा. कमी वेगात मोठा दाब आला की टर्बो इंजिनात ठिणगीआधीच पेट घेण्याचा धोका वाढतो. तिथला जोर मोटर देतच आहे, टर्बोला तिथे हुकूम सोडायची गरज नाही.