पान ठेवायचे की काढायचे : विकिपीडियावरील 'उल्लेखनीयते'ची पार्श्वभूमी

मालिकेतून नावारूपाला आलेल्या एखाद्या कलाकाराचे विकिपीडियावरचे पान हटवले गेले की लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, घराघरांत ओळखला जाणारा माणूस, त्याला साधे पान नाही म्हणजे काय? दुसरा म्हणतो, संदर्भ दाखवा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की भांडण प्रसिद्धी मोजण्याचे आहे. ते तसे सुरू झाले खरे, पण गेल्या पंधरा वर्षांत, निदान भारतीय नावांच्या बाबतीत, त्याचा रोख पार बदलला. वर्तमानपत्रात जे छापून आले ते कोणाच्या खर्चाने आले, हा आता मुख्य प्रश्न झाला आहे.

छापील कोशांचा काळ थोडक्यात सांगून होतो. कोणाला घ्यायचे हे संपादक मंडळ ठरवायचे आणि कागद, छपाई, खंडांची संख्या या मर्यादा उरलेले काम परस्पर करून टाकायच्या. ब्रिटनच्या एकोणिसाव्या शतकातल्या राष्ट्रीय चरित्रकोशाने तर हयात माणसे घ्यायचीच नाहीत असे ठरवून डोकेदुखीच संपवली होती. मराठीतही ज्ञानकोश, चरित्रकोश, विश्वकोश अशी शतकभराची परंपरा आहे. तिथल्या निवडीवर वाचकाला फार तर रुसता येई.

१५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया सुरू झाला, १ मे २००३ रोजी मराठी. जागेची अडचण संपली आणि तिच्याबरोबर नकार देण्याचे सोयीस्कर कारणही संपले. 'हा कागद नाही, मग कंजुषी कशाला' असे म्हणणारा एक पंथ तेव्हाच उभा राहिला. त्याच्यासमोर 'हा कोश आहे, टेलिफोन डिरेक्टरी नव्हे' म्हणणारा दुसरा. दोघांपुढची खरी अडचण अशी की लिहिणारे सगळे हौशी, बहुतेक टोपणनावाने वावरणारे. अमुक माणूस मोठा की छोटा हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्यापैकी कोणालाच नव्हता. त्यातून २००६ च्या सुमारास जो तोडगा स्थिरावला तोच आजवर चालू आहे: आपण कोणाचे मोठेपण ठरवायचेच नाही. त्या व्यक्तीशी लागाबांधा नसलेल्या, विश्वासार्ह, प्रसिद्ध स्रोतांनी तिची सविस्तर दखल घेतली आहे का, एवढेच पाहायचे. निवाडा बाहेरच्यांवर सोपवायचा. या कसोटीलाच विकिपीडियावर 'उल्लेखनीयता' म्हणतात. तो बाहेरचा निवाडा कितपत प्रामाणिक असेल, ही शंका तेव्हा फारशी कोणाच्या मनात आली नसावी. नियम लिहिणारे मुख्यतः अमेरिका-ब्रिटनमधले होते आणि त्यांच्या डोळ्यांपुढे तिथली दैनिके होती.

मधल्या काळात हयात व्यक्तींच्या पानांबाबत वेगळीच भीती निर्माण झाली. मे २००५ मध्ये एका निवृत्त अमेरिकन संपादकाच्या पानावर कोणीतरी गंमत म्हणून लिहिले की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्याचा हात असल्याचा एके काळी संशय होता. मजकूर काही महिने तसाच राहिला. नोव्हेंबरच्या अखेरीस त्या गृहस्थाने वर्तमानपत्रात जाहीर लेख लिहिला आणि डिसेंबरमध्ये इंग्रजी विकिपीडियाने खाते न उघडता नवे पान तयार करायला मनाई केली. हयात व्यक्तींसाठी कडक धोरण आले. २०१० पासून एकही संदर्भ नसलेले हयात व्यक्तीचे नवे पान ठरावीक मुदतीनंतर हटवता येऊ लागले. केवळ एकाच घटनेमुळे बातमीत आलेल्या माणसाचे स्वतंत्र पान करू नये, ही अटही याच विचारातली. छोट्या कलाकारांची पाने हटवण्याच्या चर्चांत ती आजही सर्रास पुढे केली जाते, खरे तर ती एका घटनेत सापडलेल्या माणसांच्या संरक्षणासाठी होती.

कलाकारांसाठी म्हणून वेगळी कसोटीही होती. एकापेक्षा अधिक उल्लेखनीय चित्रपटांत, मालिकांत किंवा नाटकांत महत्त्वाच्या भूमिका, ही त्यातली मुख्य. पूर्वी 'मोठा चाहतावर्ग' असेही एक कलम होते. पुढे ते वगळले गेले, कारण चाहते मोजायचे कसे यावर एकमत होईना. मराठी मालिकांना ही कसोटी विचित्र लागू पडते. पाच-पाच वर्षे रोज संध्याकाळी दिसणारी नायिका नियमाच्या हिशेबात एकाच भूमिकेची धनी ठरते, आणि तीन चित्रपटांत बऱ्यापैकी भूमिका केलेला, रस्त्यात कोणी न ओळखणारा नट तिच्या पुढे निघतो. अशा नायिकेचे नाव शोधले की बहुधा मालिकेच्या पानावर पुनर्निर्देशन होते, म्हणजे वाचक आपोआप त्या पानावर जाऊन पोचतो. हे अन्यायाचे वाटले तरी तर्काला धरून आहे: तिच्याविषयी जे छापून आलेले असते ते खरे तर मालिकेविषयी असते.

यात पैसा शिरला तो २०१२ नंतर. त्या वर्षी मे महिन्यात गूगलने शोधनिकालांच्या बाजूला माहितीची चौकट दाखवायला सुरुवात केली आणि तिच्यातला मजकूर बऱ्याचदा विकिपीडियावरून येऊ लागला. पान असणे म्हणजे चौकट असणे, आणि चौकट असणे म्हणजे कोणीतरी असणे. २०१३ मध्ये इंग्रजीत पैसे घेऊन पाने लिहिणाऱ्या एका कंपनीची शेकडो खाती उघडकीला आली. २०१४ मध्ये मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तसे जाहीर करावे ही अट वापराच्या शर्तींत घातली गेली. २०१५ मधले प्रकरण तर उघड खंडणीचे होते. ज्यांचे कच्चे लेख नाकारले गेले त्या छोट्या उद्योजकांना आणि कलाकारांना गाठून 'पैसे द्या, पान लावून देतो, पुढे सांभाळतोही' असा धंदा चालला होता. ३८१ खाती बंद झाली, २१० पाने हटली. २०१८ पासून नवख्याला इंग्रजीत थेट पान करता येत नाही. खाते चार दिवसांचे हवे आणि दहा संपादने झालेली हवीत. त्याआधी लेख मसुद्यातून तपासणीला पाठवायचा. याच तपासणीने २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलच्या एका मानकरी शास्त्रज्ञ महिलेचा मसुदा पुरस्काराच्या काही महिने आधी 'पुरेसे संदर्भ नाहीत' म्हणून परत केला होता. हे उदाहरण प्रत्येक वादात येते. पण मालिकेतल्या नटाच्या बाजूने ते वापरणे जरा धाडसाचेच.

नोव्हेंबर २०२० मध्ये ट्विटरने निळ्या खुणेच्या, म्हणजे खाते नामवंताचे आणि अस्सल असल्याच्या खुणेच्या, नियमांचा मसुदा मांडला, त्यातही विकिपीडियाच्या पानाला वजन होते. ती खूण दोन वर्षांनी विकायलाच निघाली, ही गोष्ट निराळी.

आता मूळ गाठीकडे. ती समजायची तर मुंबईच्या वर्तमानपत्रांत यावे लागते. २००३ मध्ये देशातल्या एका मोठ्या इंग्रजी वृत्तसमूहाने आपल्या शहर पुरवण्यांतली जागा, म्हणजे संपादकीय मजकुरासारखी दिसणारी जागा, अधिकृतपणे विकायला काढली. पुस्तकाचे प्रकाशन, दुकानाचे उद्घाटन, नव्या नटीची मुलाखत, सगळ्याला दर. पुरवणीच्या शीर्षाजवळ बारीक अक्षरात 'जाहिरातवजा आणि मनोरंजनपर प्रसिद्धी मजकूर' अशा अर्थाची ओळ असते. कागदावर निदान ती दिसते. तोच मजकूर संकेतस्थळावर गेला की ओळ गळते आणि बातमी बातमीसारखी दिसू लागते.

पुढचा टप्पा मराठीतला. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एका बड्या नेत्याची स्तुती करणारा मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मराठी दैनिकांत काही दिवसांच्या अंतराने, जवळजवळ शब्दशः सारखा, प्रसिद्ध झाला. एका इंग्रजी दैनिकाने हे चव्हाट्यावर आणल्यावर 'पेड न्यूज' हा शब्द सर्वतोमुखी झाला. वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० मध्ये नावानिशी सविस्तर अहवाल दिला. संस्थेने तो पूर्ण प्रसिद्ध करायचे टाळून संक्षिप्त अहवालावर भागवले. मूळ अहवाल २०११ मध्ये माहिती अधिकारातल्या आदेशानंतर बाहेर आला.

मनोरंजनाच्या पानांचा यात उल्लेख जेमतेम, पण इंग्रजी विकिपीडियावर धडा घेतला गेला तो सरसकट. हळूहळू जमत गेलेल्या अनुभवातून अलीकडच्या वर्षांत तिथल्या मार्गदर्शक पानात भारतीय वृत्तमाध्यमांसाठी स्वतंत्र परिच्छेद आला. चांगल्या नावाची दैनिकेही प्रायोजित मजकूर बातम्यांत मिसळतात, अनेकदा तसे न सांगता. म्हणून उल्लेखनीयता ठरवताना सावध राहा, असा त्याचा आशय. सावधगिरीच्या खुणाही दिल्या आहेत: मजकुराचा सूर, तो कोठे छापला आहे, पुरवणीत आहे का, वार्ताहराचे नाव आहे की नुसती 'टीम' किंवा 'डेस्क', इतर ठिकाणी तेच शब्द आढळतात का.

माझ्या मते हा परिच्छेद आवश्यकच होता. 'वयाच्या चोविसाव्या वर्षी स्वतःचे साम्राज्य उभारणारा' अशा मथळ्याची, एकाच दिवशी पाच संकेतस्थळांवर झळकणारी प्रसिद्धीपत्रके ज्याने वाचली असतील तो त्याला विरोध करणार नाही. पण त्यातल्या खुणा इंग्रजी शहर पुरवण्यांवरून घेतलेल्या आहेत आणि त्या मराठी दैनिकाला लावल्या की निकाल उलटे येतात. मराठीत पुरवणी म्हणजे चकचकीत पार्टीची पाने एवढेच कधी नव्हते. नाट्यपरीक्षण, पुस्तकाचा परामर्श, गायकाची दीर्घ मुलाखत, दिवंगत कलावंतावरचा मृत्युलेख, हे सगळे रविवारच्या पुरवणीतच येत आले. गंभीर दखल तिथेच घेतली जाई. पुरवणी दिसली की संशय घ्या, असे म्हटले की मराठी समीक्षेचा मोठा भाग संशयाखाली जातो.

नावाच्या खुणेचेही तसेच. 'प्रतिनिधी', 'खास प्रतिनिधी', 'आमच्या वार्ताहराकडून' ही मराठी दैनिकांची जुनी रीत आहे. प्रामाणिकपणे केलेली बातमीही निनावीच जाते. उलट ज्याच्याकडे प्रसिद्धी सांभाळणारी संस्था आहे त्याच्यावरच्या लेखाला नाव, फोटो, चौकट सगळे व्यवस्थित असते. चाळणीतून खडे खाली पडावेत तर इथे तांदूळच पडतो.

याचा फटका कोणाला बसतो ते पाहावे. नारायणगावला यात्रांच्या हंगामाआधी राहुट्या टाकून सुपाऱ्या घेणाऱ्या तमाशा फडांतल्या कलावंतांविषयी जे काही छापून येते ते जिल्हा आवृत्तीत, प्रतिनिधीच्या नावे, एखाद्या पुरस्काराच्या किंवा निधनाच्या निमित्ताने. जिल्ह्याच्या पानांवरचे सगळेच काही संकेतस्थळावर जात नाही. २००० च्या दशकातली मराठी संकेतस्थळे अनेकदा आपापल्या खास फाँटात होती. युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत, आल्यावर तो मजकूर शोधात सापडेनासा झाला, दुवे मेले. छापील अंकाचा संदर्भ चालतो आणि कोणत्याही भाषेतला चालतो, असे नियम स्पष्ट सांगतो. प्रत्यक्षात हटवण्याची चर्चा सात दिवस चालते. त्या सात दिवसांत कोणी ग्रंथालयात जाऊन १९९४ चा अंक काढून आणत नाही. शोधयंत्रात पाच मिनिटे नाव टाकून पाहणारा मात्र 'काहीच सापडले नाही' असे लिहून मोकळा होतो, आणि त्याचे म्हणणे चर्चेत चुकीचे ठरवायला मराठी वाचणारा कोणी हजर असेलच असे नाही.

या परिच्छेदाचे समर्थक म्हणतात, खुणा म्हणजे निकाल नव्हे, प्रत्येक स्रोत तपासायचाच आहे. कागदावर बरोबर. पण 'भारतीय दैनिक, वार्ताहराचे नाव नाही, सबब ग्राह्य नाही' असे एका ओळीचे मत देणे सोपे असते आणि प्रत्येक लेख उघडून वाचणे कष्टाचे. चर्चांचा कल कोणीकडे जातो हे वेगळे सांगायला नको.

रीलस्टारांचा प्रश्न यातच येऊन मिळाला. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि लाखो अनुयायी असलेल्या खेड्यापाड्यांतल्या पोरांचे हिशेबच रातोरात पुसले गेले. विकिपीडियाच्या दृष्टीने त्यांचे काही बिघडले नाही, कारण अनुयायांची संख्या तिथे आधीही धरली जात नव्हती. मग बिग बॉस मराठीने, जो २०१८ मध्ये सुरू झाला, वेगळाच पेच टाकला. २०२४ च्या पाचव्या पर्वाचा विजेता बारामती तालुक्यातल्या एका खेड्यातला, टिकटॉकवरून पुढे आलेला मुलगा होता. विजयानंतर त्याच्या लहानपणावर, हलाखीवर, गावावर दैनिकांनी भरभरून लिहिले. हे लेखन स्वतंत्र की वाहिनीच्या प्रसिद्धीचा भाग? आणि कार्यक्रम जिंकणे ही 'एकच घटना' की शंभर दिवसांच्या स्पर्धेच्या जागी सत्तर दिवस चाललेले पर्व ही सलग कारकीर्द? दोन्ही बाजूंनी नियमांचेच दाखले देता येतात. स्पर्धकांपैकी जो मधेच बाहेर पडला त्याच्याबाबत मात्र फारसा घोळ नसतो. त्याचे नाव पर्वाच्या यादीत राहते.

मराठी विकिपीडियाचे चित्र निराळे. उल्लेखनीयतेचे पान तिथेही आहे, पान हटवावे असे सुचवणारा 'पानकाढा' साचाही आहे, पण पाने हटवण्याचे अधिकार असलेले मोजके प्रचालक आणि थोडे नियमित सदस्य यांच्या बळावर दीर्घ चर्चा क्वचितच होतात. मालिका, वाहिन्या, कलाकार यांची पाने भरपूर आहेत आणि त्यांतली कित्येक संदर्भांवाचून. इंग्रजीत नकार मिळालेला मजकूर भाषांतर करून इथे लावला जातो, मग 'मराठीत तर पान आहे' असा दाखला इंग्रजीतल्या चर्चेत दिला जातो. तो तिथे मान्य होत नाही, तरी प्रयत्न थांबत नाहीत. विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड प्रकल्पावर, जिथे लेखांऐवजी सुट्या माहितीच्या नोंदी असतात, २०१२ पासून नोंदीची अट बरीच सैल आहे. हुशार प्रसिद्धीवाले आता सुरुवात तिथूनच करतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने यंत्राकडून लिहून घेतलेली, कोणी न तपासलेली पाने चर्चेविना हटवण्याची मुभा दिली, कारण अस्तित्वातच नसलेले संदर्भ घातलेली पाने वाढली होती. मराठी नावांपुरता सध्याचा झगडा मात्र दुसरीकडे आहे: यूट्यूबवरच्या दोन-दोन तासांच्या मुलाखती. मुलाखतीत माणूस स्वतःविषयी बोलतो, म्हणून ती स्वतंत्र दखल नव्हे, हे इंग्रजीतले रुळलेले मत. पण ज्या नाट्यकलावंतावर छापील एक ओळ शोधात सापडत नाही, त्याची अभ्यासू माणसाने तयारीनिशी घेतलेली मुलाखत आणि चित्रपट प्रदर्शित व्हायच्या आठवड्यात नट सहा ठिकाणी देतो ती मुलाखत या एकाच पारड्यात टाकल्या जातात, आणि त्यांना वेगळे काढणारा नियम अजून कोणी मांडलेला नाही.