साहेबांचा मूड आणि कंपनीचा ताळेबंद

साहेब कपाळाला आठ्या घालून आले की कामाला जोर चढतो, असा समज बऱ्याच कंपन्यांत असतो. तो अगदीच खोटा नाही. थॉमस साय आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५६ गट होते. प्रत्येक गटाच्या प्रमुखाला आधी एकट्याला व्हिडिओ दाखवला. काहींना हसवणारा, काहींना बेचैन करणारा. मग गटाने डोळ्यांवर पट्टी बांधून तंबू उभारायचा. व्हिडिओ न पाहिलेल्या सदस्यांनाही प्रमुखाच्या मूडची लागण झाली. त्रासलेल्या प्रमुखांच्या गटांनी मेहनत जास्त केली, पण ताळमेळ जमला तो खुशीतल्या प्रमुखांच्या गटांत. घाम कुणी जास्त गाळला आणि काम कुणाचं जुळून आलं, हे दोन वेगळे हिशेब आहेत.

आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखून त्यानुसार विचार करण्याच्या, वागण्याच्या क्षमतेला पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी १९९० साली भावनिक बुद्धिमत्ता म्हटलं. गोड बोलणं म्हणजे ती नव्हे. गोड बोलून माणसं पिळणारे मॅनेजर कमी नाहीत!

साहेबांच्या या क्षमतेचा मला खरा परिणाम दिसतो तो वाईट बातमी वरपर्यंत पोचते की नाही, यात. एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या, तेव्हा चांगलं नेतृत्व असलेल्या गटांत चुकांची नोंद जास्त निघाली. आकडे उलटे वाटले. उलगडा असा, की तिथली माणसं जास्त चुकत नसावीत, चूक लपवत नव्हती. कंपनीतही हेच घडतं. बिघडलेला माल, रुसलेला ग्राहक, हुकणारी तारीख हे सगळं आधी खालच्या माणसाला कळतं. साहेब अंगावर येणार असतील तर तो गप्प बसतो, आणि नुकसान थेट ताळेबंदातच दिसतं.

मात्र भावनिक बुद्धिमत्तेची मोजदाद जपूनच वाचावी. हार्म्स आणि क्रेडे यांनी २०१० साली अनेक अभ्यास एकत्र तपासले. भावनिक बुद्धिमत्ता आणि नेतृत्व या दोन्हींना एकाच व्यक्तीने गुण दिले, तर दोहोंचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.५९ येत होता. वेगवेगळ्या व्यक्तींनी दिले, तर जेमतेम ०.१२. त्याच वर्षी जोसेफ आणि न्यूमन यांना आढळलं, की सतत माणसं सांभाळावी लागतात अशा कामांत ही क्षमता उपयोगी पडते. जिथे तशी गरज कमी, तिथे तिचा फायदा दिसत नाही, कधीकधी संबंध उलटाही निघतो.