खासदार निधीतून गावातलं काम : अर्ज कुणाकडे, कागदपत्रं कोणती, मंजुरी कुणाची

खासदारांचं पत्र हातात पडलं की काम मंजूर झालं असं समजून लोक निवांत होतात, आणि मग वर्ष निघून जातं तरी रस्त्यावर खडीसुद्धा पडत नाही. ते पत्र म्हणजे नुसती शिफारस असते हो. एका खासदाराला वर्षाला ५ कोटींची कामं सुचवता येतात, पण त्यातला रुपयाही त्यांच्या हातात येत नाही, मंजुरी देणार जिल्हाधिकारी आणि काम करणार पीडब्ल्यूडी, झेडपी किंवा नगरपालिका.

खासदार निधीची ही योजना १९९३ ची. कायदे करणाऱ्याने सरकारी पैसा खर्च कसा काय करायचा, हा वाद सुप्रीम कोर्टात गेला होता, आणि २०१० मध्ये पाच न्यायाधीशांनी योजना वैध ठरवली, कारण खासदार फक्त सुचवतो, खर्च प्रशासनच करतं. चावी कुणाकडे आहे ते एप्रिल २०२० मध्ये दिसलंच, कोविडसाठी मंत्रिमंडळाने एका निर्णयात दोन वर्षांचा निधी थांबवला (नोव्हेंबर २०२१ मध्ये परत सुरू केला). मला स्वतःला ही विभागणी योग्य वाटते, फक्त लोकांना ती कोणी समजावून सांगत नाही.

खासदारांकडे अर्ज कोणीही करू शकतं, ग्रामपंचायत, मंडळ, साधा नागरिक. अट कामाला असते, ते सार्वजनिक आणि टिकाऊ पाहिजे, म्हणजे पाण्याची टाकी, शाळेची खोली, रस्ता. देवळाचा सभामंडप किंवा कुणाच्या खाजगी जागेतलं काम बसत नाही, उगाच हेलपाटे मारू नका. लोकसभेचे असतील तर साधारणपणे तुमच्याच मतदारसंघाचे खासदार लागतात, राज्यसभेवर निवडून गेलेले मात्र राज्यात कुठलंही काम सुचवू शकतात. अनुसूचित जातींच्या वस्तीसाठी १५ टक्के आणि जमातींसाठी साडेसात टक्के निधीची कामं सुचवायची असतात, तुमची वस्ती त्यात येत असेल तर अर्जात ठळक लिहा.

सोबत ग्रामपंचायतीचा ठराव, जागेचा सातबारा किंवा नमुना ८, जागेचे फोटो, आणि काम झाल्यावर देखभाल कोण करणार त्याचं हमीपत्र जोडा. जागेच्या कागदावरच बहुतेक फाइली अडकतात, म्हणून तो आधी काढा.

खासदारांची शिफारस आता ई-साक्षी या खासदार निधीच्या ऑनलाइन पोर्टलवरून जाते. ती गेली की तारीख लिहून ठेवा आणि कलेक्टर ऑफिसातल्या जिल्हा नियोजन शाखेत चौकशी करा, ४५ दिवसांत मंजुरी किंवा नकार द्यायचा असतो आणि नकाराचं कारण खासदारांना कळवावं लागतं. काहीच कळलं नाही तर १० रुपये फी भरून माहिती अधिकारात प्रशासकीय मान्यतेची आणि अंदाजपत्रकाची प्रत मागा.